नागूआत्याचं माळवद

परवा आमच्या अपार्टमेंटमध्ये टँकरच्या पाण्याची यादी करायला नगरपालिकेतून एक बाई आल्या. दारातच उभ्या राहून त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "घरात माणसं किती?" मी "तीन" म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं आणि शेजारचं दार वाजवलं. मी दार लावून स्वयंपाकघरात आले आणि काहीच न करता ओट्याला टेकून उभी राहिले. नुसतं उभं राहणं हा माझा स्वभाव नाही. पिंपात कालचं दोन बोटं पाणी होतं, त्यात भांडी उरकायची होती, वरण चढवायचं होतं. तरी राहिले. कुणी वही उघडून घरातली माणसं विचारली की माझं असं होतं. आता पस्तिसेक वर्षं होत आली.

यंदाचा लातूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. मांजरा आटली, बोअरमधून नुसती हवा येते, गल्लीगल्लीत निळ्या पिंपांच्या रांगा. लोक म्हणतात असा दुष्काळ पाहिला नाही. मी पाहिलाय. तेव्हा पिंपं निळी नव्हती, घागरी होत्या, एवढाच फरक. उन्हाचा वास तोच. तापलेल्या धुळीचा, वाळलेल्या कडब्याचा, आणि दुपारी तीनच्या सुमाराला डाळमिलकडून येणारा भाजक्या तुरीचा.

तेव्हा लातूर जिल्हा नवा होता. जाहीर होऊन दोनतीन वर्षं झाली होती, पण कचेरीची मांडामांड चालूच होती. भाड्याच्या इमारती, माणसांपेक्षा कमी खुर्च्या, आणि जुन्या जिल्ह्याहून पोत्यांत भरून येणारी दप्तरं. मी नुकतीच कारकून म्हणून लागले होते. माझं पहिलं काम म्हणजे जुने छापील कागद संपेपर्यंत त्यांवरचं 'उस्मानाबाद' पट्टी लावून खोडायचं आणि वर 'लातूर' लिहायचं. दिवसाला दोन-तीन गठ्ठे व्हायचे. माझं अक्षर चांगलं होतं. मोठे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, छापल्यासारखं." मला बरं वाटायचं. बावीस वर्षांची होते, नुकतं लग्न झालेलं, भाड्याच्या दोन खोल्यांत नवरा, सासूबाई आणि मी. पहाटे चारला नळावर नंबर लावायचा, नऊला डबा, दहाला कचेरी. मी सगळं वेळेवर करायची. आजही करते.

नागूआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. औशाच्या पुढं, एसटी सोडून अर्धा तास चालत गेलं की तिचं गाव. नवरा फार आधी गेलेला, मूल नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि दोन्ही डोळ्यांवर साय धरल्यासारखा पांढरा पडदा. उजेड-अंधार कळायचा, माणूस कळायचं नाही. पण पायांच्या आवाजावरून ओळखायची. मी अंगणाच्या कोपऱ्यावर वळले की आतून आवाज यायचा, "सुमे, हळू ये माय, उंबऱ्याजवळ घागर हाय." निघताना माझ्या कपाळाला विभूती लावायची, आणि ती अंदाजानं लावल्यामुळं निम्मी भुवईवर पडायची. ती पुसायची नाही असा नियम होता. एसटीत लोक बघायचे.

तिचं घर दोन खणांचं, माळवदाचं. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या पट्ट्या, त्यावर पाला आणि वर वीतभर पांढरी माती. गावातल्या पडक्या गढीच्या कडेनं ती माती खणून आणायची आणि मृगाच्या आधी माळवदावर नवा थर द्यायचा, कारण मागच्या वर्षीचा थर पावसानं धुऊन गेलेला असतो. आमच्याकडं ही रीतच होती. वडील असेपर्यंत दरवर्षी ते जाऊन टाकून यायचे. ज्या घराच्या माळवदावर मृगाच्या आधी नवी पांढरी माती दिसली नाही, त्या घरात करणारं कुणी उरलं नाही असं गाव समजायचं. वडील गेले, तेव्हा मी ठरवलं की आत्याच्या बाबतीत असं कुणाला म्हणू द्यायचं नाही. पहिल्या वर्षी एक गाडी माती टाकून घेतली. दुसऱ्या वर्षी दोन गाड्या, म्हणजे पुढं काळजी नको. स्वतः शिडीवर चढून बघितलं, सारखी पसरली का, पाणी पन्हाळाकडं उतरतं का. शेजारच्या बाया खालून बघत होत्या. एक म्हणालीसुद्धा, "पोरगी असून पोरावाणी करायलीय." मी न ऐकल्यासारखं दाखवलं आणि ऐकलं.

त्या दोन्ही वर्षी पाऊस आला नाही. पाऊस आला नाही तर माती धुऊनही जात नाही, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. गावात कुणाच्याच आली नाही, सगळ्यांनी आपापल्या माळवदावर माती टाकली होती. पण त्यांच्या तुळया सागाच्या आणि धड होत्या. आत्याच्या तुळईला आतून वाळवी लागली होती, आणि तिला ती दिसणार नव्हती.

तिसऱ्या वर्षी मेच्या सुरुवातीला मी गेले तर आत्या म्हणाली, "रातच्याला वर कायतरी कुरकुर वाजतंय. उंदीर असतील." मी वर बघितलं. मधली तुळई ज्वारीच्या ताटासारखी खाली वाकली होती. तिच्या पोटाला उभी चीर, चिरेतून बारीक माती गळत होती, आणि ती नेमकी आत्याच्या अंथरुणावर पडत होती. आत्या रोज सकाळी अंथरूण झटकायची आणि धूळ लई झाली म्हणायची.

मी लगेच औशाहून बाबूमिस्त्रींना आणलं. त्यांनी वर चढून पहारीनं माती उकरली, खाली आले, पागोट्यानं तोंड पुसलं.

"बाई, हे माळवद हाय का वावर? पाऊस असता तर ज्वारी आली असती वर. इत्ती माती कुणी टाकली?"

मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "माझ्या भाचीनं. बाप गेला तरी एक साल चुकवलं न्हाई तिनं."

बाबूमिस्त्रींनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. बाभळीचा एक ओंडका तुळईखाली टेकू म्हणून ठोकून बसवला. म्हणाले, "माती थोडी थोडी उतरवायला गेलं तर हादऱ्यानं सगळंच येईल. तुळई काढूनच करावं लागतंय. लाकूड नको, सरळ पत्रे टाका. पंधरा-वीस दिवस टेकू धरंल. पुढची जिम्मेदारी माझी न्हाई. म्हातारीला आत झोपू देऊ नका."

म्हातारी अंगणात झोपू लागली. दिवसभर मात्र आतच, कारण बाहेर उन्हात कुठं जाणार. टेकू घराच्या मधोमध होता, तिला रोजच्या चालण्यात त्याची सवय नव्हती. दोनदा कपाळ आपटलं. मग ती चुलीकडून दाराकडं जाताना हात पुढं करून आधी टेकू शोधायची, त्याला धरून वळसा घालायची. ज्याला हात लावू नये त्यालाच धरून ती चालत होती, आणि मी लातूरमध्ये 'उस्मानाबाद' खोडत होते.

माझ्यापुढं रस्ते नव्हते असं नाही. आत्याला लातूरला आणता आलं असतं. दोन खोल्या, सासूबाई, चार घागरी पाणी. मी घरात विचारलंही नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. कदाचित हो म्हणाले असते. लग्नातल्या पाटल्या होत्या. त्या मोडायचं मनात आलंच नाही, असंही सांगत आले. आलं होतं. पण त्या हातात दिसल्या नाहीत तर सासूबाई काय म्हणतील, हे त्याच्या आधी आलं.

त्याच सुमाराला कचेरीत निराधार माणसांच्या घरदुरुस्तीचे अर्ज यायला लागले. मदत मिळायची, ती वेळेत मिळायची, पत्रे सरकारी दरात. मी आत्याचा अर्ज मोठ्या बाबूंपुढं ठेवला. ते वाचत गेले.

"विधवा, मूलबाळ नाही, दृष्टी अधू, घर धोकादायक. सगळं बसतंय." मग एका ओळीवर बोट थांबलं. "सांभाळू शकेल असा जवळचा नातेवाईक. हे कोरं का सोडलंय? कुणी आहे का हिला?"

"मी आहे."

"तुम्ही कोण?"

"भाची."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भाची सरकारी नोकरीत म्हटल्यावर अर्ज इथंच अडला, बाई. तुम्ही बघा काय ते. मी काही ऐकलेलं नाही." आणि कागद माझ्याकडं सरकवला. "भरा. अक्षर तुमचंच बरं आहे."

मी लिहिलं, 'नाही'. टाक बुडवला, लिहिलं, टिपकागद दाबला. मला वाटलं, काम होतंय. कागदावरच्या एका शब्दानं कुणाचं काय जातं? छत डोक्यावर पडण्यापेक्षा बरंच. आजही कुणी विचारलं तर मी असंच म्हणेन. मी हे वाद घालण्यासाठी लिहीत नाहीये.

रविवारी आत्याकडं गेले. ती अंगणात लिंबाखाली तूर निवडत होती, बोटांनी, एकेक दाणा चाचपत.

"आत्या, बुधवारी साहेब लोक येतील. तुला कुणी आहे का विचारतील. नाही म्हणायचं."

"का गं?"

"तसं लिहिलंय."

"कुणी लिव्हलं?"

"मी."

तिची बोटं थांबली, मग पुन्हा चालू झाली. "अन तू यायचीस का बुधवारी?"

"येईन. पण कचेरीतली बाई म्हणून."

"मंग तुला म्हनू काय?"

"बाईसाहेब म्हण."

ती खूप हसली. दात नव्हते, त्यामुळं हसली की तोंड लहान मुलासारखं व्हायचं. "लई मोठी झालीस गं सुमे! बाईसाहेब!" तिनं दोनतीनदा म्हणून बघितलं, वेगवेगळ्या आवाजांत. मलाही हसू आलं. मग मी तिचा हात धरला आणि लहान मुलाला विहिरीकडं जाऊ नको म्हणून दटावतात तसं तिला सांगितलं, "हे बघ, हसण्यावारी नेऊ नको. नंतरही तपासणीला लोक येतात. सांगून येत नाहीत. घर झाल्यावरसुद्धा येतील. कुणाहीपुढं मला भाची म्हणायचं नाही, नाव घ्यायचं नाही. माझी नोकरी जाईल."

"नोकरी जाईल?" ती एकदम गंभीर झाली.

"जाईल."

"न्हाई म्हननार माय," ती म्हणाली. "जीव गेला तरी न्हाई."

बुधवारी आम्ही जीपनं गेलो. तलाठी भाऊसाहेब नवे होते, नांदेडकडून बदलून आलेले, गावात कुणाला ओळखत नव्हते. पंच म्हणून गावातले दोघं आले. त्यांतले एक अप्पा, किराणा दुकानवाले, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांनी मला परकराच्या वयापासून पाहिलेलं. मी त्यांना नमस्कार केला नाही. कचेरीतली बाई गावातल्या दुकानदाराला वाकून नमस्कार कशी करील? त्यांनी माझ्याकडं बघितलं, जीपकडं बघितलं, आणि समजले. सगळ्या गावाला समजलं होतं. अंगणाबाहेर दहा-बारा बाया उभ्या होत्या, मी शिडीवर चढले तेव्हा खाली होत्या त्याच. एकीनंही तोंड उघडलं नाही.

तलाठी खरं तर चांगला माणूस. खाली घोंगड्यावर बसला, आत्याशी नीट बोलला. "आजी, तुम्हाला सांभाळणारं कुणी हाय का?"

आत्यानं मान वळवली. मी कुठं उभी आहे ते तिला बांगड्यांवरून कळत होतं, म्हणून मी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं. तरी तिनं बरोबर माझ्याकडंच तोंड केलं, मग काढून घेतलं.

"न्हाई साहेब."

"माहेरचं?"

"एक भाऊ हुता. वारला."

"भावाला लेकरं?"

हा प्रश्न मी तिला पढवला नव्हता. नमुन्यात तो नव्हताच, त्यानं आपला सहज विचारला. अंगणात कोंबडीच्या पायांचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही अडखळणार, सगळं फिसकटणार. मला त्या क्षणी तिचा राग आला होता. हे कधी कुणाला सांगितलेलं नाही.

"हुतं एक," आत्या म्हणाली. "ते बी न्हाई राहिलं."

आणि लगेच तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला, ओठ हलले, आणि मग तिनं मांडीवर, पदराखाली, कानशिलावर मोडायची ती बोटं मोडली. कडकड आवाज मला स्पष्ट आला. मला दृष्ट लागू नये, तिनं उच्चारलेलं खरं होऊ नये, म्हणून. तलाठ्याला वाटलं असेल म्हाताऱ्या बायकांची सवय.

"लिहा भाऊसाहेब," अप्पा म्हणाले. ते तलाठ्याशी बोलत होते आणि माझ्याकडं बघत होते. "खरंच कुणी न्हाई म्हातारीला." आणि त्यांनी सही केली. मोडी वळणाची, सावकाश, पुरी.

मग आत्याचा अंगठा घ्यायचा होता. शाईची डबी माझ्याकडं होती. मी तिचा अंगठा धरला, शाईवर टेकवला, कागदावर दाबला. तिचा हात गार होता त्या उन्हातही. तिनं माझी बोटं धरली नाहीत. सैल सोडलेला हात, जसा परक्या माणसाच्या हातात असतो. किती नीट करत होती ती सगळं.

येताना तलाठी जीपमध्ये म्हणाला, "वाईट वाटतं हो बाई, एवढ्या वयात एवढं एकटं." मी म्हणाले, "हो ना." कपाळाला विभूती नव्हती. पहिल्यांदाच तशी निघाले होते.

पत्रे वेळेत आले. बाबूमिस्त्रींनी आधी सगळं माळवद उतरवलं. त्या दिवशी मी रजा टाकून गेले होते, जरा लांबून बघत होते. त्यांनी कडेची माती फावड्यानं सरळ कापली तेव्हा थर दिसले, एकावर एक, मध्ये काळपट रेघा. खालचे पातळ, कागदासारखे, वडिलांच्या वर्षांचे. वरचे दोन जाड, पांढरेशुभ्र, कुठंही धुतले न गेलेले. मातीचा ढीग अंगणात छातीइतका झाला. तुळई खाली घेताना हातातच मधून मोडली. आत नुसता भुसा. बाबूमिस्त्री म्हणाले, "आठ दिवस लांबलं असतं तर बघायला लागलं नसतं."

म्हणजे काम झालं. छत पडलं नाही, आत्या त्याच्याखाली सापडली नाही. त्यानंतर ती काही वर्षं जगली, पत्रे गळले नाहीत, वाऱ्यानं उडाले नाहीत. उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची, माळवदाचा गारवा गेला तो गेलाच, पण त्यावर तिनं कधी तक्रार केली नाही. तपासणीला कुणी आलं नाही. एकदाही नाही. माझी नोकरी राहिली, बढत्या मिळाल्या, निवृत्ती जवळ आली. मी ज्या ज्या टेबलावर बसले तिथं पुढ्यात आलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काम मी पटकन करून दिलं. लोक मला चांगली म्हणतात. ते खोटं नाही, पण त्यानं काही भागलंही नाही.

पत्रे बसल्यानंतर महिनाभरानं मी तिच्याकडं गेले. एकटी, एसटीनं. पिशवीत साखर, चहाची पुडी आणि अर्धा डझन केळी. मृग कोरडा गेला होता, पुढचंही नक्षत्र कोरडंच चाललं होतं, रस्त्याकडेच्या रानांत ढेकळं तशीच पडलेली. अंगणाच्या कोपऱ्यावर वळले. आतून आवाज आला नाही. मला वाटलं झोपली असेल.

ती दारात बसली होती, जागी. मी जवळ गेल्यावर उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि दोन्ही हात जोडले.

"या बाईसाहेब. बसा."

मी तिला आत घेऊन गेले. दार लावून कडी घातली. तिचा हात ओढून माझ्या गालावर ठेवला. तिची बोटं गालावरून कानाशी आली, कुड्यांवर थांबली. ओळखलं तिनं, त्यात शंका नव्हती. बोटांना ओळखल्याशिवाय राहवत नव्हतं.

"आत्या, मी एकटीच आलेय. बरोबर कुणी नाही. दार लावलंय बघ."

तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं. तिच्या श्वासाला तंबाखूचा आणि विभूतीचा वास होता.

"तू म्हनतीस, माय. पन मला कुठं दिसतंय? भिताडाआड कोन उभं हाय, तुझ्या माघारी कोन आलंय. कवा चुकून तोंडातनं गेलं तर? त्यापरीस हेच बरं. सदाचंच धरलं की चूक होत न्हाई."

मग ती मागं सरली, चुलीकडं वळली. सवयीनं हात पुढं केला, टेकू जिथं होता तिथं रिकामं चाचपलं, आणि पुढं गेली. भिंतीपलीकडं कुणी असलं तर त्याला ऐकू जावं अशा आवाजात तिनं विचारलं, "बाईसाहेब, चा टाकू का थोडा?"

बाहेर कुणी नव्हतं. मी दाराकडं बघितलं, तरीही.

"टाका, आजी," मी म्हणाले.